मे महिन्यात बाली की मालदीव? आधी वारा कुठून येतोय ते बघा

पत्र : "आम्ही सोलापूरचे. मिस्टर साखर कारखान्यात आहेत, गाळप सुरू झालं की सुट्टीचं नाव काढायचं नाही, त्यामुळे दिवाळी-नाताळ आमच्या नशिबातच नाही. मुलगा अकरा वर्षांचा, त्याची शाळा जूनच्या मध्यावर उघडते. म्हणजे हातात २० मे ते १० जून एवढंच. सोबत सासूबाई आहेत, वय ६८, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे आणि गाडी लागते. एजंटने पाच पॅकेजं दिलीत, मालदीव, फुकेत, श्रीलंका, बाली आणि मॉरिशस. तो म्हणतो सगळे ट्रॉपिकल आहेत, बारा महिने हवामान सारखंच, जे स्वस्त पडेल ते घ्या. मालदीव आणि फुकेतवर तर भरपूर डिस्काउंट आहे. पण माझी जाऊ नोव्हेंबरात कोह समुईला गेली ती अख्खी ट्रिप हॉटेलात बसून आली, आणि आमचे शेजारी त्याच आठवड्यात फुकेतला होते त्यांचे फोटो लख्ख उन्हातले. एकाच देशात असं कसं? मुलाला ज्वालामुखी आणि मासे बघायचेत, मला निळा समुद्र हवाय, सासूबाईंना देवदर्शन आणि सपाट रस्ता. काय करू?"

उत्तर : ताई, तुमचा एजंट अर्धं खरं बोलतोय आणि उरलेल्या अर्ध्यातच तुमची सुट्टी बुडेल.

खरं अर्धं असं की विषुववृत्ताच्या जवळपास तापमान फारसं बदलत नाही. मालदीवमध्ये जानेवारी असो की जुलै, दिवसा तीस-एकतीस. बालीच्या किनाऱ्यावरही तसंच. पण तुम्ही काही थर्मामीटर बघायला चाललेला नाहीयत, तुम्हाला हवाय कोरडा दिवस, शांत समुद्र आणि सासूबाईंना झेपेल अशी हवा, आणि या तिन्ही गोष्टी त्या महिन्यात वारा कुठून वाहतोय आणि त्याच्या वाटेत डोंगर आहे की नाही यावर ठरतात. त्यामुळे कुठलं बेट घ्यायचं हे शेवटी, आधी महिना धरायचा, मग वारा बघायचा, मग त्या बेटाची कुठली बाजू ते ठरवायचं.

तुमच्या जाऊबाईंचं घ्या. थायलंडचा दक्षिणेकडचा तो लांब शेपटीसारखा भाग आहे ना, त्याच्या पश्चिमेला अंदमान समुद्र, तिकडे फुकेत आणि क्राबी. पूर्वेला थायलंडचं आखात, तिकडे कोह समुई. दोन्ही बेटांत सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटर, पण मधे डोंगर. मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा वारा, म्हणजे आपलाच मान्सून, फुकेतला झोडपतो आणि समुई बऱ्यापैकी कोरडं राहतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून वारा फिरतो, ईशान्येकडून यायला लागतो, आखातावरनं येता येता पाणी उचलतो आणि समुईवर ओततो, त्यात नोव्हेंबर सगळ्यात वाईट. चेन्नईला दिवाळीच्या आसपास धो धो पाऊस असतो तो याच ईशान्य वाऱ्याचा. तेव्हा जाऊबाईंचं नशीब वगैरे काही फुटकं नव्हतं, त्यांना कोणी डोंगराची चुकीची बाजू विकली.

आपल्याला हे काही नवीन नाही खरंतर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, घाट उतरून वाईला आलात की हजारही नाही, आणि तुमच्या सोलापूरला पोचेपर्यंत साडेपाचशे-सहाशे. वारा तोच, ढग तेच, सह्याद्रीने आधीच सगळं पिळून घेतलेलं. हे आपण शाळेत पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून पाठ केलं, पेपरात लिहिलं, आणि फिरायला जाताना साफ विसरतो.

आता डिस्काउंटवाली दोन पॅकेजं. फुकेतला मे अखेरीस मान्सून बसलेला असतो. पातोंग, कारोन, काता हे सगळे नावाजलेले बीच पश्चिमेला तोंड करून आहेत, वारा थेट अंगावर, लाटा मोठ्या, पाण्याखालून आत ओढणारे प्रवाह, आणि किनाऱ्यावर लाल झेंडे. लाल झेंडा असताना पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही, थायलंडमध्ये दरवर्षी पर्यटक बुडतात ते बहुतेक याच दिवसांत. फुकेतजवळची सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सरकार बंदच ठेवतं. थायलंडच हवं असेल तर एजंटला म्हणा समुईचं बघ, तुमच्या तारखांना तिथे चालेल. (जाऊबाईंना सांगू नका, त्यांना राग येईल.)

मालदीवची गोष्ट वेगळी, तिथे डोंगरच नाही. जवळजवळ बाराशे प्रवाळ बेटं, समुद्रावर उत्तर-दक्षिण साडेआठशे किलोमीटरच्या वर पसरलेली, आणि जमिनीची सरासरी उंची दीड मीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या सासूबाईंएवढी. देशातला सगळ्यात उंच नैसर्गिक ठिपका अडीच मीटरही भरत नाही. आडोशाला काही नसल्यामुळे पाऊस आला की पूर्वेला पळू, पश्चिमेला पळू असं काही करता येत नाही, सगळ्या बाजूंना सारखाच. डिसेंबर ते एप्रिल कोरडं, मे ते ऑक्टोबर ओलं. अर्थात आठवडाभर न थांबता कोसळतो असंही नाही, दोन तास बदाबदा मग ऊन असं चालतं, आणि ज्यांना नुसतं खोलीतून समुद्र बघत लोळायचंय त्यांनी डिस्काउंट जरूर घ्यावा. पण तुमच्याकडे गाडी लागणाऱ्या सासूबाई आहेत, खवळलेल्या समुद्रात स्पीडबोटीचा पाऊण तास म्हणजे काय ते मी सांगायला नको. वर मुलगा दुसऱ्या दिवशी विचारणार की ज्वालामुखी कुठाय. हे पॅकेज कधीतरी फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवा.

श्रीलंकेबद्दल एजंटने तुम्हाला कुठला रूट दिलाय ते तुम्ही लिहिलं नाहीयत, पण मी पैज लावते की कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, गॉल असाच असेल, कारण सगळे तोच विकतात. डिसेंबर ते मार्च तो रूट उत्तम. मे अखेरीस मात्र नैऋत्य मान्सून नेमका याच भागावर आदळतो. मधे अडीच हजार मीटरपर्यंत चढणारे डोंगर आहेत, पश्चिम उतारावर पाऊस आणि दरडी. मे २०१६ आणि मे २०१७, लागोपाठ दोन वर्षं याच दिवसांत तिथे पूर आले, दरडी कोसळून माणसं गेली. पण त्याच डोंगरांच्या पलीकडे, त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा या पूर्व किनाऱ्यावर एप्रिल ते सप्टेंबर हाच खरा सीझन, समुद्र अगदी तळ्यासारखा, निलावेलीसमोरच्या पिजन आयलंडला स्नॉर्केलिंग. म्हणजे श्रीलंका होऊ शकते, फक्त नकाशा उलटा धरून. अडचणी दोन. विमानतळ पश्चिमेला, तिथून त्रिंकोमाली पाच-सहा तास रस्त्याने, आणि डोंगर ओलांडून कोरडा झालेला वारा तिकडे उतरतो तो चांगलाच तापलेला असतो, पारा चौतीस-पस्तीसला जातो. वाटेत सिगिरिया लागेल, बाराशेच्या आसपास पायऱ्या, सासूबाईंना खालूनच दाखवा.

आता मॉरिशस, जे मला स्वतःला फार आवडतं, आणि तुमच्या तारखांना ते चांगलंच आहे, फक्त कोणी सांगत नाही की तेव्हा तिथे हिवाळा असतो. विषुववृत्ताच्या खाली वीस अंशांवर, म्हणजे आपण जितके वर जवळपास तितकंच ते खाली, त्यामुळे सगळं उलटं. मे ते ऑक्टोबर थंड आणि त्यातल्या त्यात कोरडं, नोव्हेंबर ते एप्रिल गरम, आणि चक्रीवादळांची भीती मुख्यतः जानेवारी ते मार्च. जूनच्या सुरुवातीला किनाऱ्यावर दिवसा पंचवीस-सव्वीस, रात्री अठराच्या आसपास. सोलापूरच्या बेचाळीसमधून गेलात तर पहिल्या संध्याकाळी शाल शोधाल. सूर्य पावणेसहाच्या आतबाहेर मावळतो, तेव्हा संध्याकाळी बीचवर बसू असं ठरवलंत तर साडेचारलाच निघायचं. समुद्राचं पाणी चोवीस-पंचवीस अंश, मुलगा उतरेल, तुम्ही पाय बुडवून परत याल.

आणि वारा. हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या दिवसांत मॉरिशसच्या दक्षिणेला समुद्रावर हवेचा दाब वाढतो, त्याला हवामानवाले मस्कारीन हाय म्हणतात. तिथून निघालेला आग्नेयेचा वारा मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्याला थडकतो, पुढे आफ्रिकेच्या कडेकडेने विषुववृत्त ओलांडतो, वळतो, आणि अरबी समुद्रावरून येऊन आपल्या कोकणात मान्सून म्हणून उतरतो. म्हणजे मेच्या शेवटी तुम्ही मॉरिशसला जो वारा खाल तोच आठवडाभरानं तुमच्या नणंदेचे रत्नागिरीतले कपडे वाळू देणार नाही. (नणंद रत्नागिरीत आहे की नाही मला माहीत नाही, कोणाची तरी असतेच.)

म्हणून तिथे बेल मार वगैरे पूर्वेकडची रिसॉर्टं या महिन्यांत घ्यायची नाहीत, फोटोत कितीही भारी दिसली तरी दिवसभर केस तोंडावर आणि वाळू डोळ्यांत. पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक किंवा वायव्येला त्रू ओ बिश घ्या, तिथे मधल्या पठाराचा आडोसा मिळतो. हे पठार फक्त साडेपाचशे-सहाशे मीटर उंच, पण तेवढ्यावरही पाऊस पश्चिम किनाऱ्याच्या कितीतरी पट. क्युरपिप गावात भुरभुर, धुकं, आणि अर्ध्या-पाऊण तासावर फ्लिक आँ फ्लाकला ऊन. गंगा तलाव वरच आहे, विवरात साठलेलं तळं, काठाला शंकराचं देऊळ, सासूबाई खूश होतील, पण स्वेटर आणि छत्री घेऊन जा. तिथे मराठी वंशाचे लोक आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते हे त्यांना सांगा, म्हणजे विमानात गप्पांना विषय होईल. बाजारात मात्र क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून तयार झालेली तिथली बोली, ऐकू येईल, तेव्हा मराठीत घासाघीस करायची आशा ठेवू नका. आणि मुलाला आधीच कल्पना द्या की इथला ज्वालामुखी कधीचाच विझलाय, धूर वगैरे काही नाही.

धूर हवा तर बाली. आणि तुमच्या तारखा, तुमची माणसं सगळं धरून मी बालीच म्हणेन.

बाली आठ अंश दक्षिणेला. आपल्याकडे पावसाळा बसतो तेव्हा तिथे कोरडा हंगाम सुरू झालेला असतो, कारण तेव्हा वारा ऑस्ट्रेलियाच्या बाजूने येतो, जिथे हिवाळा चालू असतो, आणि तो येतानाच सुका असतो. डेनपसारकडे, म्हणजे बालीच्या मुख्य शहराकडे, जानेवारीत साधारण तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो, ऑगस्टमध्ये पन्नासही नाही. मे अखेर यांच्या मधली पण कोरड्याकडे झुकलेली. शिवाय जुलै-ऑगस्टची मोठी गर्दी अजून यायची असते.

पण बालीतही बाजू बघायचीच. कुटा, सेमिन्याक पश्चिमेला, हिंदी महासागराच्या लाटा सरळ येतात, सर्फिंगवाल्या पोरांचं राज्य, सासूबाईंचं तिथे काही काम नाही. तुम्ही सानूरला राहा. पूर्व किनारा आहे, समोर प्रवाळाची भिंत असल्यामुळे लाट बाहेरच फुटते, आणि किनाऱ्यालगत काही किलोमीटर फरसबंदी सपाट वाट आहे, पायरी नाही, चढ नाही, दर थोड्या अंतरावर बसायला जागा. गुडघेवाल्या माणसासाठी याहून चांगला बीच मला तरी माहीत नाही. एकच, ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि प्रवाळ, गवत उघडं पडतं, तेव्हा निळा समुद्र कुठाय म्हणून वैतागू नका, हॉटेलात भरतीची वेळ विचारा आणि त्या वेळेला जा. वारा असतो इथेही, पण सुखाचा, जूनपासून तर सानूरला माणसापेक्षा मोठाले पतंग उडतात, मुलाला ते बघायला मिळाले तर ज्वालामुखी विसरेल.

ज्वालामुखीसाठी किंतामणी. रस्ता साधारण दीड हजार मीटरवर जातो, समोर बातूर पर्वत, खाली तळं, काळ्या लाव्हाचे ओघळ, सगळं गाडीतून उतरून कठड्याला टेकून दिसतं, चढायचं काही नाही. उंचीवर दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे खाली तीस तर वर वीस-एकवीस, सकाळी त्याहून कमी. दुपारनंतर ढग चढतात आणि पर्वत गायब होतो, त्यामुळे सकाळी नऊ-दहाच्या आत पोचायचं. उबुद मधल्या उंचीवर, किनाऱ्यापेक्षा जरा गार आणि जरा ओलं, दुपारची एखादी सर येईल. तिथे दोनच रात्री ठेवा, रस्ते अरुंद, ट्रॅफिक वैताग आणतो, आणि भातखाचरांचे फोटो काढायचे तर पायऱ्या उतराव्या लागतात.

शेवटच्या दोन रात्री अमेदला, ईशान्य कोपऱ्यात. इथे लोक फार कमी जातात आपल्याकडचे. पाठीशी अगुंग पर्वत, तीन हजार मीटरच्या वर, तो आडवा उभा असल्यामुळे हा कोपरा बालीतला अगदी सुका. इतका की गावातले काही लोक अजून जुन्या पद्धतीने मीठ पिकवतात, नारळाचे बुंधे मधोमध चिरून, कोरून त्याच्या पन्हळी करतात, रांगेत मांडतात आणि खारं पाणी ओतून उन्हात सोडतात, संध्याकाळी कडेला पांढरे दाणे. शेजारीच तुलांबेनला एक बुडालेलं अमेरिकन जहाज आहे. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीनं त्याला टॉर्पेडो मारला, तिथेच किनाऱ्यावर ओढून ठेवलं होतं, आणि १९६३ मध्ये अगुंगचा उद्रेक झाला तेव्हा हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेलं. किनाऱ्यापासून अगदी जवळ, बोट लागतच नाही, समुद्र शांत असेल तर लाइफ जॅकेट घालून गाइडसोबत वरून तरंगत बघता येतं. ज्वालामुखी, जहाज आणि मासे एकाच जागी, अकरा वर्षांच्या पोराला अजून काय हवं. किनारा मात्र काळ्या गोट्यांचा, अनवाणी पाय भाजतात आणि घसरतात, रबरी बूट घ्या सगळ्यांना. सासूबाईंना वर सावलीत खुर्ची.

मिठावरून आठवलं, कुठल्याही बेटाची कोरडी बाजू ओळखायची असेल तर मिठागरं कुठे आहेत ते शोधायचं. मॉरिशसला जुनी मिठागरं टॅमरिनला, पश्चिम किनाऱ्यावर. श्रीलंकेत हंबनटोट्याला, आग्नेयेच्या सुक्या पट्ट्यात. पावसाच्या बाजूला कोणी मीठ पिकवायच्या फंदात पडत नाही, आणि मिठागरवाल्याला हॉटेल विकायचं नसतं.

बालीसमोरच्या नुसा पेनिडा बेटाचं बोटीचं पॅकेज एजंट चिकटवेल, नको म्हणा. सामुद्रधुनीत प्रवाह जोरदार, बोट उडत जाते, आणि तिकडे उतरल्यावर कड्यांच्या पायऱ्या.

हवेबद्दल एक गोष्ट जास्त नीट सांगते, कारण सोलापूरची माणसं इथेच फसतात. आम्हाला बेचाळीसची सवय आहे, एकतीस म्हणजे काय, असं वाटतं. तुमची उष्णता सुकी, घाम येतो तो लगेच उडून जातो आणि अंग गार होतं. बेटावर हवेतच इतकी वाफ असते की घाम उडतच नाही, अंगावर चिकटून राहतो, एकतीसमध्ये जीव घाबरा होतो. सासूबाईंना अकरा ते तीन बाहेर काढू नका, सुती कपडे जास्तीचे घ्या कारण वाळत नाहीत, आणि बीपीच्या गोळीचं, पाणी किती प्यायचं त्याचं, जायच्या आधी डॉक्टरांना विचारा. ऊनही सौम्य समजू नका, ढगाळ दिवशी सुद्धा मुलाची पाठ सोलून निघेल, पाण्यात उतरताना पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालू दे.

आणि मोबाईलमधलं हवामानाचं ॲप निघायच्या आधी रोज उघडून बघू नका. बालीसाठी ते कुठल्याही महिन्यात आठवडाभर ढग आणि वीज दाखवतं, कारण बेटावर कुठेतरी डोंगरात दुपारी एक सर पडणारच असते. त्याऐवजी त्या महिन्यात सरासरी किती दिवस पाऊस पडतो ते बघा, आणि बेटाचं नाही, गावाचं नाव टाकून बघा, डेनपसार वेगळं, उबुद वेगळं.

बालीचं जमलंच नाही तर मॉरिशसचा पश्चिम किनारा, तेही नाही तर श्रीलंकेचा पूर्व. एजंटला फोन कराल तेव्हा हॉटेल किती स्टारचं ते नंतर विचारा, आधी कुठल्या किनाऱ्यावर आहे ते विचारा, आणि तो "सगळीकडून सी व्ह्यू आहे मॅडम" म्हणाला तर सरळ दुसरा एजंट बघा. सासूबाईंचा पासपोर्टही आजच काढून तारीख तपासा, इंडोनेशियात उतरताना त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते, आणि नूतनीकरण करायचं निघालं तर मेपर्यंत वेळ पुरला पाहिजे.